देशाआधी जन्मलेला संघ

गेल्या आठवड्यात इजिप्तची गोष्ट झाली. 1934 च्या विश्वचषकात खेळलेला तो आफ्रिकेतला पहिला संघ. या वेळी त्याच उत्तर किनाऱ्यावरचा अल्जीरिया. या देशाला स्वातंत्र्य मिळालं जुलै 1962 मध्ये, पण त्याचा फुटबॉल संघ मैदानात उतरला त्याच्या चार वर्षं आधी.

1958 च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या क्लबांचे अल्जीरियन खेळाडू एकाएकी गायब होऊ लागले. अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्ध पेटून साडेतीन वर्षं झाली होती. ते लढणाऱ्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीने, म्हणजे एफएलएनने, स्वतःचा संघ उभा करायचं ठरवलं होतं. मोहम्मद बूमेझराग यांनी एकेका खेळाडूला गुपचूप गाठून तयार केलं. यात मोनॅकोचा बचावपटू मुस्तफा झितूनी होता. तो फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातला, दोन महिन्यांवर आलेल्या विश्वचषकात त्याची जागा जवळपास नक्की होती. सेंट-एतिएनचा राशिद मेखलूफी तर जेमतेम 21 वर्षांचा, फ्रान्सच्या लष्करी सेवेत असलेला. त्याच्यासाठी निघून जाणं म्हणजे सरळ सरळ सैन्यातून पळून जाणं.

मेखलूफी वाढला सेतीफमध्ये. मे 1945 मध्ये तिथे फ्रेंच पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या चालवल्या आणि पुढच्या आठवड्यांत आसपासच्या गावांत हजारो माणसं मारली गेली. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्याच्या निर्णयाचं मूळ शोधायचं तर ते इथे सापडतं.

पळून जायच्या आदल्याच दिवशी क्लबच्या सामन्यात टक्कर होऊन तो जखमी झाला आणि इस्पितळात दाखल झाला. बेतात सामील असलेले खेळाडू अब्दुलहमीद केरमाली आणि मोख्तार अरीबी सकाळी थेट तिथेच पोचले, त्याला उठवून गाडीत घातलं आणि स्वित्झर्लंडची सीमा गाठली. बातमी अजून चौकीपर्यंत पोचली नव्हती, म्हणून गाडी सुटली. सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. काही जण पकडलेही गेले.

बाकीचे ट्युनिसला जमले. फ्रान्सच्या तक्रारीवरून फिफाने या संघाला मान्यता नाकारली, त्याच्याशी खेळणाऱ्यांवर कारवाईची धमकी दिली. तरी हे खेळाडू पूर्व युरोप, अरब देश, चीन, व्हिएतनाम असे फिरले. 1961 मध्ये बेलग्रेडला त्यांनी युगोस्लाव्हियाला 6-1 असं हरवलं. ऐन उमेदीची चार वर्षं, क्लबचा पगार, नावलौकिक असं सगळं मागे टाकून ते खेळत होते, आणि या खेळाचा दर्जा कुठे खाली आला नव्हता. फुटबॉलच्या इतिहासात या संघाला हक्काचं पान मिळायलाच हवं.

स्वातंत्र्यानंतर मेखलूफी सेंट-एतिएनला परतला आणि क्लबला आणखी तीन लीग विजेतेपदं मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा राहिला. 1982 मध्ये अल्जीरिया पहिल्यांदा विश्वचषकाला गेला तेव्हा तो प्रशिक्षकांच्या चमूत होता. हिहोनमध्ये समोर होता युरोपचा विजेता पश्चिम जर्मनी. अल्जीरियाच्या माजेरने गोल केला, जर्मनीच्या रुमेनिगेने बरोबरी साधली. चेंडू पुन्हा मध्यावर ठेवला गेला, अल्जीरियाने एकापाठोपाठ एक पास दिले, डावीकडून असादचा क्रॉस आला आणि बेलूमीने तो आत ढकलला. मधल्या सबंध वेळात एकाही जर्मनाचा पाय चेंडूला लागला नव्हता. 2-1.

पण साखळीतला अल्जीरियाचा शेवटचा सामना जर्मनी-ऑस्ट्रिया सामन्याच्या आदल्या दिवशीच आटोपला होता. कोणत्या निकालाने दोघांचंही भागेल, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. दहाव्या मिनिटाला जर्मनीच्या ह्रुबेशने गोल केला आणि उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे फिरवण्यात घालवला. त्या 1-0 ने अल्जीरिया बाहेर पडला. हा अन्याय इतका उघड होता की फिफाला नियम बदलावा लागला. आता गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होतात.

पहिला आफ्रिका चषक आला 1990 मध्ये, घरच्याच मैदानावर. अल्जिअर्सच्या ‘5 जुलै 1962’ स्टेडियममध्ये नायजेरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात एकमेव गोल केला शेरीफ उजानीने. त्याचे वडील अहमद उजानी एफएलएनच्या संघात खेळले होते. आणि प्रशिक्षक होते अब्दुलहमीद केरमाली, इस्पितळातून मेखलूफीला उचलून नेणारे.

पुढच्या आठवड्यात: 1990 चाच विश्वचषक आणि कॅमेरून.