ट्रकखालचा ऑइलचा डाग

गटाची भाजी घेऊन मार्केट यार्डात गेलं, की आमचा जुना ट्रक उभ्या जागी ऑइलचा डाग सोडायचा. मेकॅनिक म्हणाला, इंजिन खोलावं लागेल. पैसा गटाचा, आधी गळती शोधू म्हटलं. गार इंजिन डिझेलने धुऊन कोरडं केलं, सांध्यांवर टाल्कम पावडर टाकली, थोडा वेळ चालू ठेवून बंद केलं. ऑइल खाली ओघळतं, वाऱ्याने मागे पसरतं. म्हणून चेंबर ओला दिसला तरी गळती तिथलीच असेल असं नाही. सगळ्यात वरची ओली जागा बघायची. आमची टॅपेट कव्हरपाशी निघाली, पॅकिंग कडक झालेलं. ब्रीदरही साफ करून घ्या. तो तुंबला तर दाबाने नव्या पॅकिंगमधूनही ऑइल येतं. आणि गळती थांबेपर्यंत रोज सकाळी, गाडी सपाटीवर असताना, गेज काढून ऑइल बघा.