नुसती ट्यूबच तर आहे!

अँटिबायोटिकच्या गोळ्यांबाबत लोक हल्ली बरेच सावध झाले आहेत. साध्या सर्दीला अँटिबायोटिक घ्यायचं नाही, उरलेल्या गोळ्या पुढच्या तापाला वापरायच्या नाहीत, एवढं तरी बऱ्याच घरांत माहीत असतं. चेहऱ्यावर मुरमं आली की मात्र हे सगळं शहाणपण कुठे जातं कोण जाणे. ‘गोळ्या नकोच म्हटलं. ट्यूब लावतेय. वरून लावायची, पोटात थोडीच जाते? नुसती ट्यूबच तर आहे!’ हे वाक्य कॉलेजातल्या मुलामुलींकडून ऐकावं, त्यांच्या आयांकडून ऐकावं आणि वर मेडिकलच्या काउंटरपलीकडूनही ऐकावं, याचा आता खरोखर कंटाळा आला आहे.

ही ट्यूब बहुधा एक टक्का क्लिंडामायसिनच्या जेलची असते. कधी नॅडिफ्लॉक्सासिनची असते, जुन्या चिठ्ठीवरची असेल तर एरिथ्रोमायसिनची. ही तिन्ही अँटिबायोटिक आहेत आणि ट्यूबमध्ये भरल्याने ती सौंदर्यप्रसाधनं होत नाहीत. हाडाच्या संसर्गात किंवा पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या रुग्णाला दाढेच्या गळवावर डॉक्टर जे क्लिंडामायसिन देतात, तेच हे. गालावर लावलेलं औषध रक्तात फार थोडं उतरतं, हे बरोबर आहे. त्यामुळे पोट बिघडण्याची भीती कमी, हेही बरोबर. पण यावरून ‘जंतूंवर परिणाम नाही’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे. जंतू राहतात त्वचेवर, आणि औषधही त्वचेवरच आहे. गोळीपेक्षा कितीतरी जास्त मात्रेत, रोज, महिनोन्‌महिने. लावलेल्या भागाच्या कडेला आणि खोल रोमछिद्रात औषध कमी पोचतं. तिथे कच्चे जंतू मरतात, औषधाला दाद न देणारे तगतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात.

‘माझ्या त्वचेला त्या ट्यूबची सवय झाली’ असं म्हणतात ते यातूनच. त्वचेला कसलीही सवय होत नाही. त्वचेवरचे जंतू बदललेले असतात.

ही काही परवा लागलेली बातमी नाही. मुरमांच्या जंतूत एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन या दोन्हींना एकदम दाद न देणारे प्रकार रुग्णांमध्ये सापडल्याची नोंद १९७९ साली झाली आहे. दोन्ही औषधं जंतूच्या पेशीत जवळपास एकाच ठिकाणी काम करतात. म्हणून एकाला दाद न देणारा जंतू बहुतेक वेळा दुसऱ्यालाही देत नाही. एरिथ्रोमायसिन थकलं म्हणून क्लिंडामायसिन घेतलं, तरी फारसं हाती लागत नाही. २००३ साली युरोपातल्या सहा देशांतल्या ६६४ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. निदान एका अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू अंगावर बाळगणाऱ्यांचं प्रमाण हंगेरीत सर्वांत कमी, म्हणजे ५१ टक्के होतं, आणि स्पेनमध्ये सर्वांत जास्त, ९४ टक्के. सर्वांत कमी म्हणजे निम्म्याहून अधिक, हे लक्षात घ्या. दिल्लीतल्या रुग्णांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासातही या दोन औषधांबाबत चित्र असंच निराशाजनक निघालं.

यावर ‘असेना, माझ्या गालावरचे जंतू, माझं मी बघीन’ असं कुणी म्हणेल. तेही खरं नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत रुग्णांनी बारा आठवडे चेहऱ्यावर एरिथ्रोमायसिनचं जेल लावलं. त्यानंतर औषधाला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू चेहऱ्यावर वाढलेले दिसलेच, पण जिथे जेलचं बोटही लागलं नव्हतं त्या पाठीवर आणि नाकपुड्यांतही ते वाढलेले होते. स्टॅफिलोकोकस हा काही मुरमांपुरता मर्यादित प्राणी नव्हे. जखम चिघळणं, गळू होणं, ऑपरेशननंतरचा संसर्ग या सगळ्यात या कुळाचा हात असतो. २००३च्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात मुरमांसाठी अँटिबायोटिक वापरणाऱ्यांच्या (गोळ्या घेणारे आणि ट्यूब लावणारे, दोघेही यात आले) घशात स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस हा घसादुखीचा जंतू ३३ टक्के लोकांत सापडला. न वापरणाऱ्यांत हेच प्रमाण १० टक्के होतं. औषध चेहऱ्याचं आणि फरक घशात! घरातली माणसं एकच टॉवेल वापरतात, एकमेकांच्या अंगाला अंग लागतं. जंतूंना ‘माझे’ आणि ‘तुझे’ कळत नाही.

मुळात मुरूम हा बाहेरून लागणारा संसर्ग नव्हे, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. ‘जंतूमुळे होतं, मग जंतू मारा’ हे तर्काला पटतं, पण क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस (२०१६पर्यंत याचं कुलनाम प्रोपिओनिबॅक्टेरियम होतं, जुन्या लेखांत तेच सापडेल) हा जंतू नितळ चेहऱ्याच्या माणसाच्या त्वचेवरही सुखाने नांदत असतो. वयात येताना हार्मोन्समुळे तैलग्रंथी जास्त तेल सोडतात. रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं. आत तेल साचतं, त्यावर हा जंतू फोफावतो आणि मग दाह होतो. या चार गोष्टींतल्या जंतूवर क्लिंडामायसिन काम करतं, दाहावर थोडंफार करतं. तेलावर त्याचा काही इलाज नाही, बुचावर तर जवळजवळ नाहीच. आणि बूच हीच सुरुवात असते. ते डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधीपासून तयार होत असतं. म्हणून लाल झालेल्या पुटकुळीवर टिकलीएवढी ट्यूब टेकवून झोपणं हा मुरमांचा उपचार नाही. ते आज फुटलेल्या मुरमाचं समाधान झालं. पुढच्या महिन्यातली मुरमं शेजारच्या नितळ दिसणाऱ्या त्वचेत आधीच धरलेली असतात.

‘पण मला गुण आला होता ना!’ आला असेल. दाह कमी करण्याचा क्लिंडामायसिनचा गुण जंतू दाद देईनासे झाले तरी काही अंशी उरतो. शिवाय मुरमं आपोआपही वरखाली होत असतात. मात्र अनेक वर्षांच्या चाचण्या एकत्र तपासून २००५ साली निघालेला निष्कर्ष असा होता, की एरिथ्रोमायसिनच्या जेलचा प्रभाव काळाबरोबर घटत गेला आहे. क्लिंडामायसिनचा तेव्हा टिकून होता. टिकून आहे म्हणून ते उधळायचं, की जपून वापरायचं?

जपून वापरायचं म्हणजे काय, यावर त्वचारोगतज्ज्ञांत फारसा वाद उरलेला नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वं आणि अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीची २०२४ची, दोन्ही एकच सांगतात: लावायचं अँटिबायोटिक एकट्याने वापरू नका. ‘नाइस’ने पुढे हेही म्हटलं आहे, की अँटिबायोटिकची गोळी आणि अँटिबायोटिकची ट्यूब एकाच वेळी देऊ नका. आपल्याकडे तर ‘गोळीबरोबर ट्यूबही लावा म्हणजे लवकर गुण’ ही रीतच पडली आहे.

ट्यूबच्या जोडीला हवं ते बेन्झॉइल पेरॉक्साइड. हे अँटिबायोटिक नाही. त्यातून निघणारे ऑक्सिजनचे उग्र कण जंतूला थेट जाळतात, आणि इतक्या दशकांच्या वापरानंतरही त्याला न जुमानणारा मुरमांचा जंतू आढळलेला नाही. क्लिंडामायसिनच्या तडाख्यातून सुटलेले जंतू ते टिपतं. अडीच टक्क्यांचं जेल पाच किंवा दहा टक्क्यांच्या तोडीचं काम करतं आणि आग कमी करतं, तेव्हा ‘स्ट्राँग’वालं मागायची हौस नको. कपड्यांचा, टॉवेलचा, उशीच्या अभ्र्याचा रंग मात्र ते उडवतं. ही तक्रार शंभर टक्के खरी आहे, पांढरा अभ्रा वापरा. बुचावर काम करायला ॲडापॅलीनसारखं रेटिनॉइड असतं. ते सुरुवातीला त्वचा कोरडी करतं, सोलवटतं आणि गुण दिसायला आठ ते बारा आठवडे घेतं. लोक तिसऱ्या आठवड्यात ते फेकून देतात आणि पुन्हा क्लिंडामायसिनकडे वळतात, कारण ते निमूटपणे बसतं, आग करत नाही. सोसवतं म्हणून चांगलं, हा हिशेब इथे चुकतो. गरोदरपणात किंवा मूल होण्याचा विचार असताना रेटिनॉइड घ्यायचं नाही, तेवढं आठवणीने डॉक्टरांना सांगा.

आपल्या बाजारातली एक गंमत इथेच सांगून टाकतो. ‘कॉम्बिनेशन’ लिहिलं की काम झालं असं नाही. क्लिंडामायसिन आणि निकोटिनामाइड असं जेल आपल्याकडे भरपूर खपतं. निकोटिनामाइड दाह शमवतं, पण जंतू मारत नाही. जोडीदार म्हणून त्याचा या कामी उपयोग नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. कोर्स पूर्ण करायचा म्हणून ट्यूब संपेपर्यंत लावायची: नाही, बारा आठवड्यांच्या आसपास डॉक्टरांनी पुन्हा बघून अँटिबायोटिक थांबवायचं असतं, त्यापुढे बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा रेटिनॉइडवर निभतं. पुन्हा मुरमं येऊ नयेत म्हणून थोडी थोडी चालू ठेवायची: हे तर सगळ्यांत वाईट. दिवसातून पाच वेळा तोंड धुवायचं: दोनदा सौम्य साबणाने पुरे. टूथपेस्ट: दातांना. कपाळावर, पाठीवर एकसारख्या आकाराच्या खाजऱ्या पुटकुळ्या अँटिबायोटिक सुरू केल्यावर वाढल्या: ते मुरूम नसून मॅलासेझिया या बुरशीचं काम असू शकतं, आणि अँटिबायोटिकने ते बिघडतंच.

एका प्रकाराबद्दल मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. ‘मुरमांची ट्यूब द्या’ म्हटल्यावर कधी कधी जी हातात पडते, तिच्यात अँटिबायोटिकबरोबर बुरशीनाशक आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइडही असतं. दोन दिवसांत लाली उतरते, चेहरा उजळतो, शेजारणीला नाव सांगितलं जातं. मग त्वचा पातळ होते, उन्हात भाजते, ट्यूब थांबवली की चेहरा पेटतो, आणि मुरमं पूर्वीपेक्षा जोरात येतात. देशभरातल्या बारा केंद्रांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यांच्यात सर्वांत जास्त दिसलेला दुष्परिणाम कोणता? मुरमं! २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती मिळतात. का मिळतात, हे मागणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनी आपापलं बघावं.

तेव्हा कपाटातली ट्यूब काढा आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. नाव ‘सोल’ किंवा ‘सोन’ने संपत असेल, तर ती चेहऱ्याला लावू नका. बरेच दिवस लावत असाल, तर एकदम बंद न करता आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नुसतं क्लिंडामायसिन किंवा निकोटिनामाइडसह क्लिंडामायसिन असेल आणि तीन महिने उलटून गेले असतील, तर ज्यांनी लिहून दिली त्यांना जाऊन विचारा, की हिच्यासोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड का नाही आणि ही थांबवायची कधी. कुणी लिहून दिलीच नसेल, तर आधी कुणाला तरी दाखवा. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर आणखी वाट बघू नका. त्या खड्ड्यांवर कुठलीच ट्यूब पुढे फारसं काही करू शकत नाही. आणि अर्धी उरलेली ट्यूब धाकट्या बहिणीला देऊ नका.