शाळेतली कॉम्प्युटर लॅब पाच वर्षांत बंद का पडते? आणि ती पुन्हा सुरू कशी करायची?



२०२३ च्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या आठवड्यात, मला एका मुख्याध्यापकांचा फोन आला. "सर, लॅबची किल्ली सापडली बघा. एकदा येऊन जाता का? काही चालू होतंय का ते तरी कळेल."

ही बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली जिल्हा परिषदेची माध्यमिक शाळा. याच शाळेत मी पाच वर्षं कंत्राटी संगणक शिक्षक होतो. करार संपला, मी घरी आलो आणि रिपेअरिंगचं छोटं दुकान टाकलं. लॅबला कुलूप लागलं ते लागलंच.

कुलूप उघडलं तर आत दहा कॉम्प्युटर, बोटभर धूळ आणि उंदरांनी कुरतडलेल्या नेटवर्कच्या केबली. त्या दिवशी एकही मशीन चालू झालं नाही. आज त्यातली सात चालतात. सगळा खर्च मिळून एका नव्या कॉम्प्युटरच्या किमतीत बसला.

अशा कुलूपबंद लॅब खूप शाळांत आहेत. म्हणून आज दोन गोष्टी समजून घेऊया: लॅब बंद का पडते आणि ती परत उभी कशी करायची.

आधी थोडा इतिहास

आपल्या देशात शाळेत कॉम्प्युटर काल-परवा आलेला नाही. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्येच 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला होता. तेव्हा निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश मशीन दिलं गेलं. त्याची मेमरी होती ३२ केबी. आज मोबाईलमधला एक साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

मोठ्या प्रमाणावर लॅब आल्या त्या डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या 'आयसीटी ॲट स्कूल्स' योजनेतून. महाराष्ट्रात ती टप्प्याटप्प्याने राबवली गेली. पहिल्या टप्प्यात ५००, दुसऱ्यात २,५०० आणि तिसऱ्यात ५,००० अशा एकूण ८,००० सरकारी आणि अनुदानित शाळा होत्या. २०१८ पासून ही योजना समग्र शिक्षा अभियानात आली. तिथे एका लॅबसाठी सुरुवातीला ६.४० लाख रुपयांपर्यंत आणि नंतर दरवर्षी २.४० लाखांपर्यंत, तेही पाच वर्षं, अशी तरतूद करण्यात आली.

हा पाच वर्षांचा आकडा लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

'बूट' मॉडेल म्हणजे काय?

महाराष्ट्रातल्या या लॅब 'बूट' पद्धतीने उभ्या राहिल्या. बूट म्हणजे बिल्ड, ओन, ऑपरेट, ट्रान्सफर. सोप्या भाषेत सांगायचं तर कंपनी लॅब उभारते, मालकी स्वतःकडे ठेवते, पाच वर्षं चालवते आणि नंतर सगळं सामान शाळेच्या ताब्यात देते. शिकवायला माणूसही कंपनीच नेमते. मी तसाच नेमलेला होतो.

कागदावर यात काही चूक दिसत नाही. मशीन बिघडलं तर कंपनी बघेल, शाळेला डोकेदुखी नाही. पण नेमकं तिथेच पाणी मुरतं. पाच वर्षं सगळं बाहेरचा माणूस बघतो, त्यामुळे शाळेतल्या कायम शिक्षकांना त्यात हात घालायची वेळच येत नाही. मी स्वतः हे केलं आहे. गणिताचे सर लॅबमध्ये आले की मी म्हणायचो, "सर, तुम्ही बसा, मी करतो." मला वाटायचं मी त्यांना मदत करतोय.

पाच वर्षांनी सामान शाळेचं झालं आणि ते चालवणारा माणूस गेला. त्यातही यूपीएसच्या बॅटऱ्या, हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय यांचं आयुष्य साधारण तेवढंच असतं. म्हणजे दुरुस्तीची गरज सुरू होते त्याच वर्षी दुरुस्तीचे पैसे आणि माणूस दोन्ही संपतात.

मशीन नक्की कशाने बंद पडतं?

लोकांना वाटतं कॉम्प्युटर जुना झाला म्हणजे मेला. तसं नसतं. बंद लॅबमध्ये मला नेहमी या पाच गोष्टी सापडतात.

१. यूपीएसची बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज न करता महिनोन्‌महिने ठेवली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो आणि ती कायमची जाते. उन्हाळी सुट्टीत लॅबचा मेन स्विच बंद करून जाणं हे याचं मोठं कारण.

२. मदरबोर्डवरचा सेल. हा घड्याळासारखा गोल सेल, नाव सीआर २०३२. तो संपला की मशीनची तारीख मागे जाते, कधी थेट २००९ सालात. मग इंटरनेट असूनही वेबसाइट उघडत नाहीत, कारण ब्राउझर तारीख बघून वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र तपासतो. शाळा समजते नेट बंद आहे. किराणा दुकानात मिळणाऱ्या सेलने हे काम होतं.

३. हार्ड डिस्क. धूळ, उष्णता आणि मध्येच जाणारी लाईट या तिन्ही गोष्टी फिरत्या हार्ड डिस्कला मारतात.

४. विंडोज. माझ्या लॅबमध्ये विंडोज ७ होतं. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ जुन्या मशीनवर अधिकृतपणे चढत नाही. याचा अर्थ मशीन भंगार झालं असा नाही, फक्त त्यावर दुसरी सिस्टीम टाकावी लागते.

५. अर्थिंग. याकडे कुणीच बघत नाही. मीठ-कोळशाच्या अर्थिंगला ओल लागते. आपल्याकडची जमीन मार्चपासूनच कोरडी पडते. मॉनिटरच्या कडेला हात लावला की झिणझिण्या येतात ना, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. आमच्या शाळेत पिण्याचं पाणीच टँकरचं. अर्थिंगच्या खड्ड्यात बादली ओतायची म्हटलं की शिपाई मामा माझ्या तोंडाकडे बघायचे. मी ओतली नाही. त्या उन्हाळ्यात तीन मशीनचे पॉवर सप्लाय गेले. व्होल्टेजही खाली-वर व्हायचं, त्यामुळे दोष एकट्या अर्थिंगचा म्हणणार नाही. पण तेव्हापासून मी कुठल्याही शाळेत गेलो की आधी मल्टिमीटर काढतो. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, कॉम्प्युटर नंतर.

बंद लॅब सुरू करण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी स्क्रू-ड्रायव्हरची नाही, रजिस्टरची आहे. सामान शाळेच्या ताब्यात आल्याची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला आहे का ते बघा. शाळा समितीच्या बैठकीत दुरुस्तीचा ठराव घ्या. नाहीतर उद्या एखादा पार्ट काढला म्हणून प्रश्न विचारला जातो, आणि त्या भीतीनेच कितीतरी लॅबचं कुलूप निघत नाही.

दुसरी पायरी: लॅब कोणत्या प्रकारची आहे ते ओळखा. काही शाळांत प्रत्येक टेबलावर पूर्ण कॉम्प्युटर असतो. काही ठिकाणी एकच मोठा सीपीयू असतो आणि बाकी टेबलांवर फक्त छोटी डबी, मॉनिटर आणि कीबोर्ड. दुसऱ्या प्रकारात तो एक सीपीयू गेला की अख्खी लॅब बंद दिसते. प्रत्यक्षात दुरुस्ती एकाच मशीनची असते.

तिसरी पायरी: धूळ काढा, पण ब्लोअरने आणि प्लग काढून. पॉवर सप्लायची डबी उघडू नका, वीज बंद केल्यावरही आत चार्ज राहतो.

चौथी पायरी: दहा मशीनमधून सात करा. जी अजिबात उठत नाहीत त्यांची रॅम, केबल, कीबोर्ड बाकीच्यांना द्या. आम्ही तीन मशीन अशी सोडून दिली. बाकी सातांची रॅम चार जीबी झाली.

पाचवी पायरी: हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी बसवा. सगळ्या खर्चात सर्वांत जास्त फरक यानेच पडतो.

सहावी पायरी: लिनक्स टाका. आम्ही लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती टाकली. फुकट आहे, जुन्या मशीनवर चालते, आणि मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच असतो.

जाता जाता मराठीबद्दल एक गोष्ट. जुन्या लॅबमधल्या कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फाईल नव्या मशीनवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. कारण ते फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवायचे. युनिकोडमध्ये 'क' हा 'क'च असतो, मशीन कुठलंही असो. म्हणून मुलांना सुरुवातीपासून युनिकोडच शिकवा.

विजेचं गणित

परळीचं औष्णिक विद्युत केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, पण पाणी नाही म्हणून २०१३ आणि २०१५ मध्ये तेही बंद ठेवावं लागलं होतं. त्यामुळे वीज जाणारच असं धरून हिशोब करा.

जुना डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून साधारण १०० वॉट घेतो. सात मशीनचे ७०० वॉट. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १,८०० वॉट-अवर असतात, पण ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडी वीज खातो. हातात राहतात साधारण १,०००. म्हणजे सव्वा ते दीड तास, दोन तासिका. पुढे कधी नवीन घ्यायची वेळ आली तर ३० वॉटमध्ये मॉनिटरसकट चालणारे मिनी कॉम्प्युटर घ्या. त्याच बॅटरीवर ते चार तासांच्या वर चालतील.

नेट नाही, मग काय?

नेट नसलं तरी लॅब चालते. कोलिब्री नावाचं मोफत सॉफ्टवेअर एका मशीनवर टाकायचं, एकदाच नेट असलेल्या ठिकाणी नेऊन व्हिडिओ आणि सराव उतरवून घ्यायचे, मग लॅबमधली बाकीची मशीन साध्या राउटरवरून ते बघू शकतात. किविक्स वापरून अख्खा मराठी विकिपीडिया पेनड्राइव्हवर आणता येतो. स्टोरीव्हीवरवरून मराठी गोष्टी डाउनलोड होतात.

आणि प्रत्येक मुलाचं स्वतःचं फोल्डर ठेवा. आपल्या जिल्ह्यात हे फार महत्त्वाचं आहे. दिवाळीनंतर निम्मा वर्ग आई-बापाबरोबर ऊसतोडीला जातो. पूर्वी व्हायरस आला की मी महिन्याला मशीन फॉरमॅट मारायचो, मुलं पाडव्याला परत यायची तेव्हा त्यांचं काही शिल्लक नसायचं.

आता मी दर शनिवारी जातो. आठवीच्या मुलांना स्प्रेडशीट शिकवताना उदाहरण घेतलं कोयत्याचंच: रोजचे टन, दर, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल. एक मुलगी ते पत्रक अर्धवट ठेवून ऑक्टोबरमध्ये गेली. एप्रिलमध्ये परत आली आणि दारातूनच विचारलं, "सर, माझी फाईल हाय का अजून?" होती. तिने दप्तरातून वही काढली. त्यात हंगामभराचे टन लिहिलेले होते. सगळे भरले. शेवटच्या ओळीत उत्तर उणे आलं. तिने सूत्र दोनदा तपासलं, बरोबरच होतं. मग म्हणाली, "याची प्रिंट देता का? पप्पाला दाखवायचंय."

किल्ली कुणाकडे?

पेरू देशाने शाळांमध्ये लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांमागे लॅपटॉप भरपूर झाले होते, पण गणित आणि भाषेत फरक आढळला नाही. नुसतं मशीन देऊन भागत नाही ते असं.

दुसऱ्या बाजूला केरळ. तिथे २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' सुरू झालं. त्यांनी शाळेतल्याच शिक्षकांना तयार केलं, लिनक्स स्वीकारलं, आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' गटांतून मुलांनाही हार्डवेअर हाताळायला शिकवलं. किल्ली शाळेतच राहिली.

आमच्या शाळेत आता किल्ली गणिताच्या सरांकडे आहे. दुसरी नववीच्या चार मुलांकडे, पाळीपाळीने. सेल बदलणं, रॅम काढून पुसून बसवणं, महिन्याला सगळ्या फोल्डरची कॉपी घेणं ही कामं तीच करतात. मी एखादा शनिवार चुकवला तर आता फोन येत नाही. मला थोडं वाईट वाटतं, पण व्हायला हवं होतं ते हेच.

तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल किंवा गावाकडे जाणारे माजी विद्यार्थी असाल, तर पुढच्या वेळी शाळेत फक्त तीन प्रश्न विचारा. लॅबची किल्ली कुणाकडे आहे? शेवटचं कुलूप कधी उघडलं? आणि रजिस्टरला नोंद आहे का? उत्तरं मिळाली की स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जा. आणि हो, अर्थिंगच्या खड्ड्यात एक बादली पाणी ओतायला विसरू नका.