साचा दुरुस्त केला, पान मात्र जुनंच

‘भाईंदर’ की ‘भायंदर’? रोज इथूनच लोकल पकडत असल्यामुळे हा प्रश्न मला जरा जास्तच छळतो. म्हणून मराठी विकिपीडियावर (सुरुवात २००३) स्थलनामांची लेखनरूपं मोजायला घेतली. मध्येच एका साच्यातलं एक रूप मी स्वतःच दुरुस्त केलं आणि मग स्क्रिप्टने पानं उतरवली. काही पानांत नवं रूप, काहींत जुनं! अख्खी दुपार मी माझ्या रेजेक्सला शिव्या घालत बसले. दोष तिचा नव्हताच.

विकिपीडियाचं पान दर वेळी नव्याने तयार होत नाही. लॉगिन न केलेल्या वाचकाला बहुधा जवळच्या कॅश सर्व्हरवरची तयार प्रत मिळते. आशियासाठी असं केंद्र २०१८ पासून सिंगापूरला आहे. त्यामागे दुसरा थर, पार्सर कॅश: साचे उलगडून बनवलेलं एचटीएमएल तिथे साठवलेलं असतं. लॉगिन केलं की पहिला थर टळतो, दुसरा नाही. इथेच बरेच जण फसतात, मीही फसले.

मग शिळी प्रत नेमकी कुठली? आधी ‘कर्ल’ने हेडर बघा. ‘एक्स-कॅश’मध्ये हिट असेल आणि ‘एज’ ७२०० असेल, तर ती प्रत दोन तासांपूर्वीची. आता पत्त्याच्या शेवटी एखादा निरर्थक पॅरामीटर जोडून तेच पान मागवा. पत्ता वेगळा, त्यामुळे बाहेरची कॅश चुकते. (एकदोन पानांवरच करा हं, हजार पानांवर हा प्रयोग म्हणजे सर्व्हरवर अन्याय.) मजकूर नवा आला तर दोष बाहेरच्या थरात. माझ्याकडे तरीही जुनाच आला. पानाच्या सोर्समध्ये शेवटाकडे कॉमेंटमध्ये पार्सर कॅशची वेळ लिहिलेली असते. ती माझ्या दुरुस्तीच्या आधीची निघाली.

म्हणजे साचा बदलला होता, पण तो वापरणारी पानं अजून रांगेत होती. एक साचा शेकडो पानांवर असू शकतो, म्हणून ती सगळी लगेच नव्याने न बनवता जॉब क्यूमध्ये टाकली जातात. पत्त्याला ‘ॲक्शन=पर्ज’ जोडलं आणि ते पान लगेच सुधारलं.

पण मोजणीचं काय? आधीची सगळी आकडेवारी टाकून दिली. आता पान उतरवतच नाही. एपीआयमधून मूळ विकिमजकूर घेते आणि प्रत्येक ओळीसोबत आवृत्ती क्रमांक व वेळ नोंदवते. साचे वेगळे मोजते. काम दुप्पट झालंय, गाइडना अजून सांगायचंय.