मोरीचे पाणी आणि मावळतीची सावली

पळस फुलला, आंब्याचा मोहर गळून कैरीचे गोटे दिसू लागले आणि पहाटेच्या वाऱ्यातील गारठा निघून गेला, की घरामागील मोकळ्या जागेत चार वाफे काढावेत अशी इच्छा ज्यांना दरवर्षी होते, त्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. परंतु वसंत म्हणजे पेरणीचा काल, ही थंड देशांतील बागायतीच्या पुस्तकांतून आलेली समजूत प्रमाण मानून जो मनुष्य सातारा-पुण्याकडील जमिनीत भर चैत्रात कुदळ मारतो, त्याच्या हाती वैशाखाअखेर वाळलेल्या काड्यांखेरीज फारसे काही लागत नाही. कारण तिकडील वसंतामागून सौम्य उन्हाळा येतो आणि आपल्याकडील वसंतामागून वैशाखवणवा. देशावर उन्हाळी भाजीचे बी महाशिवरात्रीच्या सुमारास, थंडी ओसरताच जमिनीत पडावे लागते, म्हणजे खरे ऊन तापण्यापूर्वी रोपांची मुळे खाली उतरलेली असतात.

म्हणून परसबागेचा विचार बियांच्या पुडीपासून सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात वापरून बाहेर जाणारे पाणी रोजी किती असते व ते कोणत्या बाजूने जाते, आणि दुपारी दोननंतर जागेवर सावली कशाची पडते, हा तपशील हाती आल्याशिवाय कुदळीला हात लावण्यात अर्थ नाही. आमच्या शेजारच्या आळीत भाजीच्या मळ्यावर आयुष्य काढलेल्या एक वृद्ध बाई आहेत, त्यांच्याकडे कोणी बी मागावयास गेले, की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : “पाणी कुठलं घालनार, ते आधी सांगा, बियांचं मागनं बघू.” ही चौकशी पुरी झाल्याखेरीज त्या गाठोडे सोडीत नाहीत. जुन्या वाड्यांच्या रचनेतच या प्रश्नाचे उत्तर दिलेले असे. मोरीचे पाणी दगडी पन्हळीतून परसात उतरे. तेथे प्रथम अळवाचे दाट बन, त्यापुढे कर्दळी, त्यापुढे केळीचे एखादे बेट, आणि पाण्यातील मळ या सर्वांनी शोषून घेतल्यावर जो ओलावा पुढे सरके, त्यावर लिंबाचे किंवा पेरूचे झाड पोसले जाई. शहरांत भुयारी गटारे झाली, ती आरोग्याच्या दृष्टीने आवश्यकच होती. परंतु त्यांच्याबरोबर परसातील पाण्याची ही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट बंद पडली, आणि नव्याने बाग करणाऱ्यास आता तिची तजवीज आपली आपण करावी लागते.

पाण्याचा जमाखर्च मांडणे कठीण नाही. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी पसरले, तर ते मापाने एक लिटर भरते. चैत्र-वैशाखातील कोरड्या उन्हात जमीन आणि पाने मिळून रोज सहा-सात मिलिमीटर पाणी हवेत सोडतात. तेव्हा 10 फूट लांब व 4 फूट रुंद वाफ्याला, म्हणजे सुमारे पावणेचार चौरस मीटर जागेला, रोजी 25 लिटर पाणी लागते. चार माणसांच्या कुटुंबात प्रत्येकाने 20 लिटरची एक बादली स्नानास घेतली, तर 80 लिटर होतात. त्यात तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतल्याचे पाणी मिळवले, की तीन वाफ्यांची बेगमी घरच्या घरी होते. चौथ्या वाफ्यासाठी नळाच्या पाण्यावर हात टाकावा लागतो, आणि ज्या गावात उन्हाळ्यात नळाची वेळ उत्तरोत्तर आखडत जाते, तेथे चौथ्या वाफ्याचा लोभ पहिल्या तिघांना मारतो. तीन वाफ्यांवर समाधान मानावे.

अर्थात सगळे सांडपाणी एका लायकीचे नसते. कपडे धुतल्याच्या पाण्यात सोडियमचे क्षार फार. ते वर्षभर काळ्या जमिनीत मुरत राहिले, तर तिच्या कणांची रचना मोडते, पाणी पाझरेनासे होते आणि वाळल्यावर माती ढेकूळ बांधून दगडासारखी बसते. हे पाणी अळू, कर्दळ व केळ यांच्याकडेच वळवावे. अंघोळीचे पाणी विटांचे तुकडे आणि जाड वाळू भरलेल्या खड्ड्यातून उतरवून भेंडी, गवार, दोडका अशा उंच फळभाज्यांच्या बुंध्याशी द्यावे, पानांवर कधीही शिंपू नये, आणि साठवून ठेवू नये, कारण दुसऱ्या दिवशी त्याला घाण सुटते व त्यात डास होतात. तांदळाचे धुवण तेवढे पालेभाजीचे. कोथिंबिरीसारखी कच्ची खाण्याची भाजी मात्र स्वच्छ पाण्यावरच वाढवली पाहिजे. या बाबतीत काटकसर नको.

सावलीचा प्रश्न पाण्याहून सूक्ष्म आहे, आणि तो समजण्यास सूर्याच्या वाटेकडे लक्ष द्यावे लागते. आमचे घर अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर, परस घराच्या उत्तरेस. पौषात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे या परसात दिवसभर घराचीच छाया असते आणि तेथे गवतही धड वाढत नाही. परंतु उत्तरायण पुढे सरकू लागले, की ती छाया रोज थोडी थोडी भिंतीकडे मागे हटते, फाल्गुनात वाफे उघडे पडतात, आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर माध्यान्ही सूर्य साताऱ्याच्या थेट माथ्यावर येऊन उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गोळा होते. त्या दिवसांत उत्तर-दक्षिण भिंतींचा काही उपयोग नसतो. सकाळचे ऊन रोपांना हवेच असते, माध्यान्हीचे ती कशीबशी सोसतात. पण दोन ते पाच हा जो प्रहर पानांना मान टाकावयास लावतो, त्याच्यापासून रक्षण पश्चिमेकडूनच व्हावे लागते. पेरणीच्या सुमारास तुरीची मळणी होऊन तुरकाट्या स्वस्त मिळतात. त्यांचा पुरुषभर उंचीचा कूड वाफ्यांच्या पश्चिमेस घालून त्यावर दोडक्याचे वेल चढवले, की वैशाखापर्यंत तो पानांनी भरतो. त्याच्या पूर्वेस लगोलग माठ, चुका व राजगिरा यांचा वाफा, आणि त्यापलीकडे उघड्यावर भेंडी व गवार, ही मांडणी मला सर्वांत सोयीची वाटते. उन्हाळ्यात मेथीचा मोह सोडावा.

जमिनीची मशागत मात्र वसंतात उरकण्याचे काम नव्हे. आमच्या परसात मुरूम वर आलेला. त्यावर नुसते ताजे शेण टाकले, तर त्याबरोबर हुमणीला आमंत्रण जाते. खत पूर्ण कुजलेले हवे, आणि ते तसे होण्यास मुदत लागते. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथील संशोधन संस्थेत यशवंत वाड यांच्या साहाय्याने कंपोस्टाची जी पद्धत बसवली आणि उभयतांनी 1931 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तिचे मर्म या देशातील शेतकऱ्याच्या उकिरड्याला शिस्त लावण्यात होते : पालापाचोळ्याचा थर, त्यावर शेण, माती व राख, मग पुन्हा पाचोळा, ओल बेताची, आणि ठरावीक अंतराने सबंध ढीग खालीवर करावयाचा, म्हणजे आत हवा खेळते. या रीतीने सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. म्हणजेच शिवरात्रीला ज्यास बी टाकावयाचे आहे, त्याने कार्तिकातच खड्डा भरला पाहिजे. तयार खत काळपट, भुसभुशीत असते; त्याला शेणाचा वास राहत नाही, पहिल्या पावसातील जमिनीचा वास येतो. एका वाफ्याला अशी चार घमेली घालून, वीतभर खोल खणून, ढेकळे फोडून दंताळ्याने पातळी करावी.

मग वाफा पाण्याने भरावा आणि वाफसा येईपर्यंत थांबावे. मूठभर माती दाबून गोळा केला असता तो बांधला जावा, पण कमरेच्या उंचीवरून सोडताच फुटावा, ही त्याची पारख. भेंडीचे बी रात्रभर भिजवून बोटाच्या एका पेराएवढे खोल टोकावे. गवार कोरडीच चालते. दोडका व काकडी यांना स्वतंत्र आळी करून प्रत्येकी तीन-चार बिया टोकाव्यात आणि पुढे जोमदार अशी दोनच रोपे ठेवावीत.

काकडीचे बी रुजताना एकदा तरी माती बाजूस सारून जवळून पाहण्यासारखे आहे. बीजातून प्रथम मूळ खाली उतरते, आणि मूळ जेथे संपून देठ सुरू होतो, त्या सांध्यावर एका बाजूस मांसल अशी बारीक खुंटी निघते. ही खुंटी बियाच्या टरफलाचा खालचा ओठ दाबून धरते. वरून देठ कमानीसारखा वाकून ताण देऊ लागतो, आणि या दुहेरी ओढीत टरफल फाकून दोन्ही दले त्यातून अलगद बाहेर निघतात. बी फार वरवर पडले, तर टरफल दाबून धरण्यास वर मातीचे वजन नसते. मग ते तसेच दलांना चिकटून वर येते, आणि ती दले उघडू न शकल्याने रोप कित्येक दिवस खुंटून राहते. बोटांच्या पेरांनी खोली मोजण्याचा जो शिरस्ता मळेकऱ्यांत आहे, त्याचे कारण मला या खुंटीपाशी उमगले.

दले उघडताच तांबडे भुंगेरे येतात. ते पहाटे सुस्त असतात, तेव्हाच वेचावेत. भेंडीवर पांढरी माशी ज्या रोगाचा प्रसार करते, त्या केवड्याचे संकट याहून मोठे : पानाच्या शिरा पिवळ्या पडून त्यांचे जाळे दिसू लागते आणि फळे फिकी व राठ होतात. त्यावर औषध नाही. झाड दिसताक्षणी उपटून दूर करावे. दिल्लीहून आलेली पुसा सावनी ही जात प्रथम या रोगास दाद देत नसे, परंतु पुढे तिचा तो गुण गेला. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचा रानभेंडीशी संकर करून परभणी क्रांती ही जात काढली. घरच्या बागेसाठी बी घेताना जातीची अशी चौकशी अवश्य करावी.

दोडक्याचे वेळापत्रक स्वतंत्र. काकडीची फुले सकाळी उमलतात, दोडक्याची दिवस कलल्यावर. कुडावरील कळ्या पाच-साडेपाचला सैल पडू लागतात आणि दिवेलागणीस सबंध कूड पिवळा होऊन त्याला मंद सुगंध सुटतो. नरफुले घोसाने येतात आणि आधी येतात. मादीफूल एकटे, आणि त्याच्याखाली शिरा उमटलेला नखाएवढा दोडका जन्मतःच असतो. पतंग आले, तर काम आपोआप होते. पण दाट वस्तीत ते बेभरवशाचे. म्हणून त्या वेळी नरफूल खुडून, पाकळ्या मागे सारून, त्याचे पराग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावेत. फळ धरले, तर ते दोन दिवसांत तट्ट दिसते. न धरले, तर पिवळे होऊन गळते.

पेरणीपासून सुमारे दीड महिन्याने भेंडी तोडणीस येते, आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते. दोन भेंड्या जून होऊन झाडावर राहिल्या, तर झाड बी पिकवण्याकडे वळते आणि नवे फूल आवरते घेते. पुढील वर्षाच्या बियांसाठी एखादे निरोगी झाड दोरा बांधून निराळे राखावे. तोपर्यंत अक्षय्य तृतीया येते. त्या दिवशी पावसाळी वेलांची आळी करण्याचा आपल्याकडे जुना प्रघात आहे, म्हणून भोपळा आणि पडवळ यांच्यासाठी कुंपणाच्या कडेने खड्डे घ्यावेत, कार्तिकातील खताचा उरलेला भाग त्यांत भरावा, आणि पाणी द्यावयाचे ते पालेभाजीचा वाफा मोडून त्याच्या वाट्याचे द्यावे.