गर्दीत आपलं कोण?

गणपतीच्या आदल्या दिवशी आईबरोबर पुण्याच्या मंडईत गेला आहात का कधी? १८८६ साली उभ्या राहिलेल्या त्या दगडी इमारतीभोवती पाय ठेवायला जागा नसते. आईचा हात सुटला तर छातीत धस्स होतं! पण शंभर आवाजांतून तिची हाक आपल्याला बरोब्बर ओळखू येते.

समुद्रातल्या एका इवल्याशा अंड्यालाही अशीच ओळख पटवावी लागते. त्याला तर कान नाहीत, डोळे नाहीत. मग कसं जमतं?

मंडईशेजारच्या तुळशीबागेत पूजेचे शंख पाहिलेत ना? शंख म्हणजे समुद्री गोगलगाईचं घर. या शंखाच्या जातीत नर आणि मादी एकत्र येतात आणि अंडी मादीच्या शरीरातच फळतात. पण अबॅलोनी नावाच्या गोगलगाईची तऱ्हा निराळी. कानाच्या आकाराचं, आतून मोरपंखासारखं चमकणारं कवच असलेली ही गोगलगाय खडकाला चिकटून राहते. नर आपले शुक्राणू आणि मादी आपली लाखो अंडी सरळ पाण्यात सोडून देतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हिच्या सात जाती आहेत. म्हणजे मंडईसारखीच सरमिसळ की!

प्रत्येक अंड्याभोवती धाग्यांनी विणलेलं जाड वेष्टन असतं. शुक्राणूच्या टोकाशी एका पिशवीत लायसिन नावाचं प्रथिन असतं. अंड्याला टेकताच ते बाहेर पडतं आणि वेष्टनाच्या धाग्यांना चिकटतं. कात्रीसारखं ते धागे कापत नाही हं! सुंभाचा पीळ सुटावा तसे धागे सुटे होतात, भोक पडतं आणि शुक्राणू आत शिरतो. गंमत म्हणजे प्रत्येक जातीचं लायसिन वेगळं. परक्या जातीच्या अंड्यावर ते नीट चालत नाही. अमेरिकेतल्या व्हिक्टर व्हॅक्विअर या शास्त्रज्ञांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. १९९३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायसिनच्या रेणूचा आकारही शोधून काढला.

पण ओळख पटायला आधी भेट तर व्हायला हवी! १९७० नंतरच्या दशकात चविष्ट मांसासाठी पांढऱ्या अबॅलोनीची बेसुमार पकड झाली. उरलेल्या गोगलगाई एकमेकींपासून इतक्या लांब पडल्या, की सोडलेले शुक्राणू अंड्यांपर्यंत पोचण्याआधीच पाण्यात पांगू लागले. लायसिन शाबूत, अंडी शाबूत, पण पिल्लं नाहीत! २००१ साली अमेरिकेने या जातीला धोक्यात आलेली जात म्हणून संरक्षण दिलं. असं संरक्षण मिळालेला तिथला हा पहिलाच कणाहीन समुद्री प्राणी. मग शास्त्रज्ञांनी टाक्यांत पिल्लं वाढवली आणि २०१९ पासून ती समुद्रात सोडायला सुरुवात केली.

म्हणजे बघा, एखादी जात संपायला तिचा शेवटचा जीव मरावा लागतो असं नाही. गर्दी विरळ झाली तरी पुरतं. मंडईतल्या गर्दीला आपण वैतागतो; अबॅलोनीचं मात्र गर्दीवाचून चालत नाही!