घरी शिकणारे मूल आणि प्रज्ञाशोधाची परीक्षा

अमेरिकेत मुलाला शाळेत न घालता आईबापांनी घरीच शिकवावे, याला कायद्याची मुभा आहे. १९९३ पर्यंत तेथल्या पन्नासही राज्यांत ती मिळाली होती. नियम मात्र जागोजागी निराळे. न्यूयॉर्क राज्यात मुलाच्या प्रगतीचे मूल्यमापन दरवर्षी सादर करावे लागते. टेक्सासात तसले काही मागत नाहीत. आपल्यातली जी मराठी कुटुंबे तिकडे राहतात, त्यांनाही ही वाट मोकळी आहे. मग असा एखादा मुलगा सुटीत बायकोपोरांसह गावी आला की आजोबा विचारणारच, "अरे, पोराला शाळेत घालत नाहीस, मग त्याची हुशारी किती हे कळायचं कसं?"

प्रश्न भाबडा नाही. घरी शिकवणाऱ्या आईलाही तो रात्री छळतो. त्याला उत्तर म्हणून तिकडे विद्यापीठांच्या प्रज्ञाशोध परीक्षेचे नाव घेतले जाते. आपल्या मुलाला तीत बसवावे की नाही, हे कशावरून ठरवावे, ते आज पाहू. आमच्या शिक्षक बंधुभगिनींनाही यातून उचलण्याजोगे काही आहे.

आधी ही परीक्षा आहे तरी कसली? समजा, दोन विहिरी आहेत आणि तुमच्याजवळ दोर आहे दहा हातांचा. दोन्हींत दोर पुरा उतरला, तळ काही लागला नाही. तुम्ही म्हणाल, दोन्ही सारख्याच खोल. प्रत्यक्षात एक बारा हात असेल, दुसरी चाळीस हात. इयत्तेच्या परीक्षेत शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळवणाऱ्या दोन मुलांचे असेच होते. दोघांच्या बुद्धीचा तळ त्या प्रश्नपत्रिकेला लागलेलाच नसतो. त्यासाठी लांब दोर हवा.

हा लांब दोर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी वापरून पाहिला. १९६८ च्या उन्हाळ्यात जोसेफ बेट्स नावाचा बारा वर्षांचा मुलगा संगणकाच्या एका वर्गात चमकला आणि त्याची बातमी स्टॅन्लींच्या कानावर गेली. १९६९ च्या जानेवारीत त्यांनी त्याला चक्क कॉलेजप्रवेशाच्या परीक्षा दिल्या. मुलगा उत्तम उतरला. त्याला वरच्या वर्गात घ्या म्हणून शाळांना विचारले, पण कोणी तयार होईना. तेव्हा तेराव्या वर्षी तो थेट विद्यापीठातच दाखल झाला, आणि सतराव्या वर्षी पहिली व दुसरी अशा दोन्ही पदव्या घेऊन बाहेर पडला.

यातूनच १९७१ मध्ये अभ्यासप्रकल्प उभा राहिला आणि मार्च १९७२ मध्ये पहिला प्रज्ञाशोध झाला. बारा ते चौदा वर्षांची सुमारे ४५० मुले आली. त्यांना 'सॅट' ही परीक्षा दिली, म्हणजे सोळा-सतरा वर्षांची मुले कॉलेजात जाण्यासाठी देतात ती. तिच्या गणिताच्या भागात २०० पासून ८०० पर्यंत गुण मिळतात. पुढे १९७९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सने यासाठी स्वतंत्र केंद्र काढले. १९८२ मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने. लहान मुलांसाठीही दोन-तीन इयत्ता वरच्या अशाच परीक्षा निघाल्या.

आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेहून ही गोष्ट वेगळी आहे, हे ध्यानात घ्या. शिष्यवृत्तीला मूल आपल्याच इयत्तेचा अभ्यास करून बसते. येथे न शिकवलेले विचारतात. निम्मे प्रश्न आले नाहीत तरी ते नापास होणे नव्हे. बाराव्या वर्षी तेवढे येणे हेच पुष्कळ.

आता मुद्द्याचे. शाळेत जाणाऱ्या मुलाला या गुणांचा मोठा उपयोग असतो. ते हेडमास्तरांपुढे ठेवता येतात, "बघा, याला पुढचे गणित द्या." घरी शिकणाऱ्या मुलाची हेडमास्तर त्याची आईच! पुढचे पुस्तक उघडायला तिला कोणाची परवानगी नको. म्हणजे परीक्षेचा अर्धा लाभ तिच्या बाबतीत आधीच संपला. उरलेल्या अर्ध्याचा हिशेब करायचा.

त्यात पहिली गोष्ट बाहेरच्या मापाची. ज्या आईने आपलेच एक मूल शिकवले, तिच्याजवळ तुलनेला दुसरे मूल नसते. पाचव्या वर्षी गुणाकार करणारे पोर पाहून ती समजते की सगळीच पोरे तशी करतात. नाहीतर उलट, साधी चलाखी पाहून घरात रामानुजन अवतरले असे वाटू लागते. दोन्ही चुकांवर परका तराजू बरा.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते, ती म्हणजे सोबत. या केंद्रांतून उन्हाळ्यात वर्ग चालतात, तीन-तीन आठवडे मुले एकत्र राहून एकच विषय शिकतात. घरी एकट्याने गणिते सोडवणाऱ्या मुलाला तेथे वाद घालायला जोडीदार भेटतो. पण तेथे राहण्याशिकण्याचा खर्च काही हजार डॉलरांच्या घरात जातो. आर्थिक मदत असते, ती सर्वांना पुरत नाही. घरी शिकवण्यासाठी ज्या घरात एकाने नोकरी सोडलेली असते, तेथे हा खर्च जड जातो.

आणि धोका? आकडा मुलाला चिकटतो. धाकट्या भावंडालाही तो ऐकावा लागतो. १९२१ साली कॅलिफोर्नियात लुईस टर्मन यांनी बुद्धिमान मुले निवडण्याचा मोठा प्रयोग सुरू केला. त्यांच्या चाचणीच्या रेषेखाली राहिल्यामुळे विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुले निवडली गेली नाहीत. दोघांनाही पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, एकाला १९५६ साली, दुसऱ्याला १९६८ साली. निवडलेल्या मुलांपैकी मात्र एकालाही ते मिळाले नाही. शॉकलींचा सन्मान ट्रान्झिस्टरच्या कामाबद्दल होता. त्याच ट्रान्झिस्टरमुळे रेडिओ शेताच्या बांधावर पोचला.

म्हणून माझे सांगणे असे. अर्ज भरण्याआधी आईबापांनी एक कोरा कागद घ्यावा. गुण भरपूर पडले तर आपण काय करू, ते एका बाजूला लिहावे. बेताचे पडले तर काय करू, ते दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे एकच उत्तर आले तर फी वाचवावी. उत्तरे निराळी आली तर खुशाल बसवावे.

गुण भरपूर पडले म्हणून घाई करायचीच असे नाही. ऑस्ट्रेलियातल्या टेरेन्स टाओ या मुलाने आठव्या वर्षी 'सॅट'च्या गणितात ८०० पैकी ७६० मिळवले. त्याला साडेतीन वर्षांचा असताना शाळेत घातले होते, पण शाळेला तो तयार नाही असे दिसताच आईबापांनी परत काढला आणि काही काळ घरी व बालवाडीत शिकू दिला. पुढे गणिताला वरचा वर्ग आणि बाकी विषयांना खालचा, अशी सोय त्यांनी लावली. २००६ मध्ये त्याला गणितातले फील्ड्स पदक मिळाले.

अर्ज भरताना एक अडचण हटकून येते. त्यात इयत्ता विचारतात आणि घरच्या मुलाला इयत्ताच नसते! गणिताचे पुस्तक आठवीचे म्हणून आठवी लिहिली, तर तुलना त्याच्याहून मोठ्या मुलांशी होते आणि निकाल उगाच फिका दिसतो. वयाला जी इयत्ता असावी तीच लिहिणे सरळ. शिवाय घड्याळ लावून पेपर सोडवण्याची त्याला सवय नसते. घरी एखादी जुनी प्रश्नपत्रिका तशी सोडवून घ्यावी, आणि पुष्कळ प्रश्न येणार नाहीत हे आधीच सांगून ठेवावे.

आता आपल्या शिक्षकांकडे वळतो. आपली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा १९६३ साली सुरू झाली आणि २०२१ मध्ये स्थगित झाली. तिच्यासाठी थांबून चालणार नाही. पण लांब दोर तुमच्या हाताशीच आहे. दोन शिक्षकी शाळेत एकाच खोलीत तीन-चार इयत्ता बसतात, आणि त्याचे गाऱ्हाणे आपण नेहमी ऐकतो. तिसरीचा एखादा मुलगा चौथीची गणिते ऐकूनच उत्तरे देत असेल, तर पाचवीच्या पुस्तकातले एक प्रकरण त्याच्यापुढे ठेवून पाहा. गुण देऊ नका, वर्गात पुकारा करू नका, वेळही लावू नका. कोठे अडला तेवढे वहीत टिपा, आणि त्याचा पुढचा पाठ तेथून सुरू करा.